ऑपरेशननंतरची गोळी: आराम लवकर मोजता येतो, धोका नाही

ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात सापडते, रक्तदाबाला यंत्र आहे. दुखणं किती आहे हे बाहेरून मोजणारं, रोजच्या वापरातलं भरवशाचं यंत्र मात्र अजून नाही. ज्याला दुखतंय त्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही. म्हणून ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांवरचं जवळजवळ सगळं संशोधन एका साध्या प्रश्नावर उभं आहे: "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात भयंकर दुखणं. आत्ता किती?"

रुग्णाचं उत्तर हाच पुरावा धरायचा, हे मला या शास्त्रातलं फार मोलाचं तत्त्व वाटतं. पण अडचणही तिथूनच सुरू होते. एकाचं "पाच" दुसऱ्याच्या "तीन"इतकं असू शकतं. ऑपरेशननंतरचं दुखणं औषध न घेताही दिवसागणिक उतरत जातं. आणि डॉक्टरांनी काहीतरी दिलंय एवढ्या भरवशानेही माणसाला बरं वाटतं. मग आराम पडला तो औषधाने, वेळेने की भरवशाने? चाचण्यांची सगळी रचना हे तीन धागे सुटे करण्यासाठी असते.

अशा चाचण्यांसाठी संशोधकांनी फार पूर्वीच एक जागा शोधून काढली: अक्कलदाढ. दाढ काढून घ्यायला येणारे बहुतेक जण तरुण आणि एरवी निरोगी असतात, शस्त्रक्रिया जवळपास सारखी असते आणि बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर उतरला की दुखणं बहुतेकांना येतंच. दाढ निघाल्यावर रुग्णाला लगेच गोळी देत नाहीत. दुखणं "मध्यम" किंवा "तीव्र" झालंय असं तो स्वतः सांगेपर्यंत थांबतात, कारण ज्याला दुखतच नव्हतं त्याला गोळीने आराम पडला असं म्हणण्यात काही अर्थ नाही. मग कुणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगावर ठरतं. खरी गोळी आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिसायला अगदी सारख्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि त्याची नोंद घेणाऱ्या नर्सलाही नाही.

गोळी गिळली की अनेक चाचण्यांत दोन स्टॉपवॉच सुरू होतात. "जरासा फरक वाटतोय" असं झालं की रुग्णाने पहिलं थांबवायचं. "आता खरंच बरं वाटतंय" असं झालं की दुसरं. काहींचं पहिलं घड्याळ थांबतं आणि दुसरं शेवटपर्यंत चालूच राहतं. ही नोंदही तितकीच महत्त्वाची. मधल्या काळात ठरावीक अंतराने दुखण्याचा आकडा विचारला जातो. आणि कुठल्याही क्षणी "आता सहन होत नाही" असं रुग्ण म्हणाला, तर त्याला दुसरं, परिणाम ठाऊक असलेलं औषध मिळतं. प्लासिबो देणं योग्य की अयोग्य या वादात ही सोय निर्णायक आहे. तिच्याविना असा अभ्यास कुठल्याही नैतिकता समितीने मान्य करू नये. शिवाय ते दुसरं औषध कुणी किती वेळाने मागितलं, यावरून पहिली गोळी किती टिकली तेही कळतं.

अशा शेकडो चाचण्या एकत्र करून एक उपयुक्त आकडा काढतात: प्लासिबोच्या तुलनेत आणखी एका माणसाचं दुखणं चार ते सहा तासांसाठी किमान निम्म्यावर यावं, म्हणून किती जणांना गोळी द्यावी लागते? आकडा जितका लहान तितकं औषध प्रभावी. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमचा आकडा सुमारे २.५ आला, पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅमचा सुमारे ३.६. आयबुप्रोफेन २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र दिल्यावर तो १.६ वर आला. अफूवर्गातलं कोडीन, ६० मिलिग्रॅम एकटं दिलं तर १२. "अफूवर्गातलं म्हणजे जास्त जोरदार" हा सर्वसाधारण समज इथे टिकत नाही. अर्थात हे आकडे एकेका मात्रेचे आहेत आणि त्यावरून घरच्या घरी औषध निवडू नये. मूत्रपिंड कमकुवत असेल, पोटात व्रण असेल किंवा रक्तस्रावाची भीती असेल, तर आयबुप्रोफेन महागात पडू शकतं.

भरवशाने येणारा आरामही खोटा नसतो. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबो दिलं. काहींना त्यानेही आराम पडला. मग नॅलॉक्झोन दिल्यावर, म्हणजे मॉर्फीनचा परिणाम उलटवणारं औषध दिल्यावर, त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे शरीर स्वतःचीच मॉर्फीनसारखी रसायनं वापरत होतं. पुढे १९८४ साली लेव्हिन आणि गॉर्डन यांनी काही रुग्णांना आडोशामागच्या यंत्रातून, त्यांच्या नकळत मॉर्फीन दिलं, तर काहींना समोरासमोर प्लासिबो टोचलं. समोर टोचलेलं प्लासिबो गुपचूप दिलेल्या ६ ते ८ मिलिग्रॅम मॉर्फीनच्या तोडीचं ठरलं. रुग्णाला आणि नर्सला अंधारात का ठेवायचं, याचं उत्तर या एका प्रयोगात आहे.

मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये प्रकरण अवघड होतं. पोट उघडलेल्या माणसाला निव्वळ प्लासिबोवर ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतात आणि नवं औषध फक्त एका गटात वरून दिलं जातं. बटण दाबून रुग्णाने स्वतःच ठरलेल्या मर्यादेत मॉर्फीन घ्यायचा पंप लावलेला असतो. सोय अशी की ज्याला जास्त दुखतं तो जास्त घेतो. पण त्यामुळे दोन्ही गटांतला दुखण्याचा आकडा जवळपास सारखाच येतो आणि फरक दिसतो तो मॉर्फीन किती लागलं यात. "नव्या औषधाने मॉर्फीन वाचलं" असे निष्कर्ष तिथून येतात.

मॉर्फीन वाचलं म्हणजे रुग्णाचं भलं झालं का? मळमळ कमी झाली, गुंगी कमी झाली, आतडी लवकर चालू झाली, तर झालंच. पण मॉर्फीन थोडं वाचलं आणि त्याच्या जागी नव्या औषधाची चक्कर आली, तर रुग्णाच्या हाती काय लागलं? फिट्सवरची गॅबापेन्टिन आणि प्रिगॅबालिन ही औषधं ऑपरेशनच्या आधी द्यायची पद्धत बरीच वर्षं जगभर बोकाळली होती. २०२० साली व्हेरे आणि सहकाऱ्यांनी २८१ चाचण्या, म्हणजे जवळपास २५,००० रुग्ण, एकत्र तपासले. शंभराच्या पट्टीवर दुखणं ६ तासांनी सरासरी १० ने कमी होतं, २४ तासांनी ७ ने, ४८ तासांनी जेमतेम ३ ने. संख्याशास्त्राच्या दृष्टीने बराचसा फरक खरा होता. पण ऑपरेशननंतर रुग्णाला स्वतःला जाणवेल असा फरक या पट्टीवर साधारण १० चा असतो, हे मायल्स यांच्या गटाने २०१७ साली रुग्णांनाच विचारून काढलं होतं. मळमळ थोडी कमी झाली, मात्र चक्कर आणि नजरेच्या तक्रारी वाढल्या. सगळ्यांना सरसकट ही औषधं देऊ नयेत असा निष्कर्ष निघाला आणि मला तो पटतो. वयस्कर रुग्णाला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठून चालायचं असतं. त्या वेळी येणारी चक्कर ही किरकोळ बाब नाही.

आता धोक्याकडे येऊ. माझ्या मते लोकांचाच नव्हे, कधीकधी डॉक्टरांचाही सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

आराम बहुतेकांना पडतो, म्हणून तो थोड्या रुग्णांतही दिसून येतो. शंभरेक जण पुरतात. जिवावर बेतणारा दुष्परिणाम मात्र विरळा असतो. समजा, ३०० रुग्णांना नवं औषध दिलं आणि एकालाही गंभीर त्रास झाला नाही. बातमी येते, "औषध पूर्णपणे सुरक्षित." गणित तसं म्हणत नाही. यासाठी एक साधा नियम आहे: तीनला रुग्णांच्या संख्येने भागायचं. ३०० जणांत शून्य घटना घडल्या तर खरा धोका शंभरात एक इतकाही असू शकतो, आणि तरीही तो या चाचणीत दिसला नसेल. शंभरात एकाला पक्षाघात करणारं औषध कुणीही घेणार नाही. पण ३०० जणांच्या चाचणीतून ते निर्मळ म्हणून बाहेर पडू शकतं. हजारात एकाचा धोका नाकारायचा तर ३,००० रुग्ण लागतील, तेही एकालाही काही न होता. दुखण्यावरच्या कित्येक चाचण्या शंभर-दोनशेच्या आतबाहेर असतात. त्यांच्या शेवटी "कोणतेही गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत" असं वाक्य असेल, तर ते फक्त त्या शंभर-दोनशे जणांपुरतंच खरं मानावं.

मोठ्या चाचणीने काय बदलतं, याचं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं उदाहरण वेदनाशामकाचं नाही, हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या मेटोप्रोलॉलचं आहे. ऑपरेशनच्या ताणाने हृदयविकाराचा झटका येऊ नये म्हणून हे औषध आधी सुरू करावं, असा सल्ला छोट्या अभ्यासांच्या आधारावर दिला जात होता. तर्क सरळ होता: ठोके कमी, हृदयावर ताण कमी. २००८ साली पॉइज नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ८,३५१ रुग्ण, हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया, औषध ऑपरेशनच्या काही तास आधी सुरू करून ३० दिवस. हृदयविकाराचे झटके खरोखरच कमी झाले: प्लासिबोच्या गटात ५.७ टक्के, औषधाच्या गटात ४.२. तर्क बरोबर ठरला. पण पक्षाघात ०.५ वरून १ टक्क्यावर गेला आणि मृत्यू २.३ वरून ३.१ टक्क्यांवर. माणसं मोजली तर एका गटात ९७ मृत्यू, दुसऱ्यात १२९. औषधामुळे रक्तदाब फार खाली जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. शंभर रुग्णांच्या चाचणीत हा फरक फार तर एका माणसाचा असता आणि त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. (इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हा निष्कर्ष औषध ऐनवेळी नव्याने सुरू करण्याबद्दल आहे. जे आधीपासून अशी गोळी घेतात त्यांनी ती मनाने बंद करू नये. तसं अचानक थांबवणं घातक ठरू शकतं.)

वेदनाशामकांतही असंच घडलं. पोटाला कमी त्रास देणारी म्हणून कॉक्सिब गटातली औषधं गाजली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयाच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी हृदयाची बायपास झालेल्या १,६७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पॅरेकॉक्सिब आणि नंतर व्हाल्डेकॉक्सिब मिळालेल्यांपैकी २ टक्क्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास झाले, प्लासिबोवर ०.५ टक्क्यांना. औषध एकूण दहा दिवसच दिलं होतं. "थोडेच दिवस घ्यायचंय, काय होतंय" या बोलण्याला त्यातून चोख उत्तर मिळालं.

आणखी एक गुंता सरासरीचा. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचा काही भाग मॉर्फीनमध्ये बदलतं आणि मग आराम पडतो. हे एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच निकामी असतं. त्यांना कोडीनचा उपयोग जवळपास होतच नाही. काहींमध्ये ते फार वेगवान असतं आणि नेहमीच्या मात्रेतूनही रक्तात मॉर्फीनचा लोंढा येतो. टॉन्सिल काढलेल्या लहान मुलांना कोडीन दिल्यावर काही मृत्यू झाले, आणि त्यांतल्या काही मुलांचं शरीर या दुसऱ्या प्रकारचं होतं असं आढळलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१२ मध्ये सावधगिरीची सूचना काढली, २०१३ मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि त्याच वर्गातलं ट्रॅमाडॉल देऊ नये असं सांगितलं. ज्या चाचण्यांत सगळ्यांची सरासरी काढली जाते, तिथे आराम न पडलेला आणि श्वास मंदावलेला असे दोघंही त्या एकाच आकड्यात विरून जातात.

हे सगळं नोंदी खऱ्या आहेत असं धरून. भूलशास्त्राला या बाबतीत फार कडू अनुभव आले. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन ऑपरेशनच्या आधी कॉक्सिब आणि प्रिगॅबालिन द्यावं, असा हिरिरीने प्रचार करत. २००९ मध्ये उघड झालं की त्यांच्या २१ शोधनिबंधांतली माहिती बनावट होती. पुढच्या वर्षी त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. जपानचे योशिताका फुजी ऑपरेशननंतरच्या उलट्यांवरच्या औषधांचे तज्ज्ञ मानले जात. त्यांचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, असं पत्र क्रांके आणि सहकाऱ्यांनी २००० सालीच लिहिलं होतं. डोकेदुखीसारख्या तक्रारींची संख्या त्यांच्या कित्येक अभ्यासांत सगळ्या गटांत अगदी सारखी यायची. खऱ्या माणसांत असं वारंवार होत नाही. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१२ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या १६८ चाचण्या घेतल्या आणि औषधांचे निष्कर्ष बाजूला ठेवून, रुग्णांचं वय, वजन, उंची या सुरुवातीच्या माहितीकडेच पाहिलं. योगायोगाने गट पाडले की त्यांत थोडा कमीजास्तपणा यायलाच हवा. इथे तो हवा त्याहून कितीतरी कमी होता. त्याच वर्षी जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत १७२ शोधनिबंध बनावट ठरले.

मधली बारा वर्षं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. त्या काळात या आकड्यांवरून मात्रा ठरल्या, मार्गदर्शक सूचना लिहिल्या गेल्या, रुग्णांना औषधं टोचली गेली. रूबेन प्रकरणानंतर त्यांचे अभ्यास वगळून पुन्हा हिशेब केले, तेव्हा ज्या आढाव्यांत इतरांचे भरपूर अभ्यास होते त्यांचे निष्कर्ष टिकले. एखाद्या औषधाची बाजू एकाच केंद्रातून किंवा एकाच माणसाकडून मांडली जात असेल, तर तो कितीही नामवंत असो, दुसऱ्या कुणीतरी तेच करून दाखवेपर्यंत थांबावं. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची जाहीर नोंदणी करायची, काय मोजणार हे आधीच लिहून ठेवायचं, हा नियमही त्यासाठीच आहे. नाहीतर वीस गोष्टी मोजून जी जमली तेवढीच सांगायला मोकळीक राहते.

धोका शोधायचा तर नीट पाहायलाही हवं. अफूवर्गातल्या औषधांनी श्वास मंदावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. वॉर्डात साधारण चार-चार तासांनी नर्स येऊन श्वास मोजते. मधल्या वेळात काय होतं? प्रॉडिजी नावाच्या अभ्यासात अशी औषधं मिळणाऱ्या १,३३५ रुग्णांवर वॉर्डातच सतत नजर ठेवणारी यंत्रं लावली. ४६ टक्के रुग्णांत एकदा तरी श्वास मंदावल्याची नोंद झाली, म्हणजे ३० सेकंदांहून जास्त काळ श्वास थांबणं किंवा ऑक्सिजन फार खाली जाणं, अशा प्रकारची. बहुतेक जण आपोआप सावरले. वय साठच्या पुढे, पुरुष असणं, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, हृदय कमकुवत असणं आणि अशा औषधांची सवय नसणं, यांनी धोका वाढत होता. रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकाने एवढं लक्षात ठेवावं की श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. हाक मारूनही डोळे नीट उघडत नसतील, बोलता बोलता डोळा लागत असेल, घोरणं मधेच थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर "शांत झोप लागलीय" असं समजून बसू नये. नर्सला बोलवावं. आणि पंपाचं बटण रुग्णाने स्वतःच दाबायचं असतं. दया येऊन दुसऱ्याने दाबलं तर त्याच्यातली सुरक्षितताच निघून जाते, कारण गुंगीतला माणूस स्वतः बटण दाबत नाही.

घरी गेल्यावरचा काळ संशोधनात फार उशिरा आला. बहुतेक चाचण्या २४ किंवा ४८ तासांवर थांबत. २०१७ मध्ये ब्रुमेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३६,१७७ रुग्णांचा मागोवा घेतला. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात अफूवर्गातलं औषध न घेतलेले हे लोक. यातले सुमारे ६ टक्के जण तीन महिन्यांनंतरही ते औषध घेत होते. ऑपरेशन न झालेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होतं. शस्त्रक्रिया मोठी असो की छोटी, फरक नगण्य. म्हणजे जखमेच्या आकारावरून याचा अंदाज येत नव्हता. आधीपासूनची दुखणी, तंबाखू, नैराश्य आणि चिंता यांच्याशी त्याचा जास्त संबंध होता. म्हणून आता ऑपरेशनच्या आधीच हे प्रश्न विचारण्यावर आणि घरी देताना मोजक्याच गोळ्या देण्यावर भर आहे.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनपूर्वी भेटतात तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी; सर्दी-तापाच्या गोळ्या आणि झोपेचं औषधही त्यात आलं. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांच्या कित्येक औषधांत मिसळलेलं असतं. प्रौढ माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही एरवीची कमाल मर्यादा आहे आणि यकृत कमकुवत असेल तर त्याहूनही कमी. तीन वेगळ्या पाकिटांतून ती नकळत ओलांडली जाऊ शकते. एखाद्या अभ्यासात सहभागी होण्याबद्दल विचारणा झाली, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: दुखणं आवरलं नाही तर मला दुसरं काय मिळेल, मधेच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना, आणि घरी गेल्यावर किती दिवस माझी चौकशी कराल? पुढे महिन्याभराने खरोखर फोन आला, तर "बरंय" एवढ्यावर थांबू नये. बद्धकोष्ठता झाली होती का, चक्कर येऊन पडलात का, किती गोळ्या घेतल्या आणि किती उरल्या, जखम भरल्यावरही तिथे जळजळ होते का, हे सगळं सांगावं, कारण संशोधकांना ते दुसरीकडून कळणार नसतं.